दोन गोलांचा विजय, मोजला एकच: जॉन बार्न्स आणि फुटबॉलमधला वर्णद्वेष

१० जून १९८४. रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील विरुद्ध इंग्लंड सामन्याचा मध्यंतर जवळ आला होता. डाव्या बाजूला, रेषेजवळ उभ्या असलेल्या जॉन बार्न्सकडे चेंडू आला. वीस वर्षांचा हा मुलगा चेंडू घेऊन आत वळला, समोर येईल त्या बचावपटूला चकवत राहिला, शेवटी गोलरक्षकालाही वळसा घालून त्याने चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. इंग्लंड तो सामना २-० असा जिंकलं. इंग्लंडच्या खेळाडूंनी केलेल्या सर्वोत्तम गोलांची यादी आजही या गोलाशिवाय पुरी होत नाही.

त्याच दौऱ्यात इंग्लंडच्या संघाबरोबर विमानात नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे काही समर्थक होते. त्यांच्या मते इंग्लंड १-० असं जिंकलं होतं. बार्न्सचा गोल धरायचाच नाही, कारण तो काळा आहे. ते हे लपूनछपून बोलत नव्हते. संघाच्या कानावर पडेल असं बोलत होते आणि त्याबद्दल त्यांना कुणी विमानातून उतरवलं नाही.

फुटबॉलमधल्या वर्णद्वेषाबद्दल बोलताना बहुतेकांना मैदानात फेकलेलं केळं आठवतं, माकडासारखे आवाज आठवतात. बार्न्सच्या वाट्याला तेही आलं. पण त्याची पूर्ण कारकीर्द पाहिली, तर डोळ्यांना दिसणाऱ्या शिवीगाळीपलीकडे आणखी एक थर सापडतो: कुणाला कोणत्या जागेवर खेळवायचं, कुणाच्या हाती संघ द्यायचा आणि अपयश आल्यावर कुणाला पुन्हा संधी द्यायची. पहिल्या थरावर कायद्याने बरंच काम केलं आहे. दुसऱ्या थराला कायदा जेमतेम पोहोचला आहे.

किंग्स्टन ते लिव्हरपूल

बार्न्सचा जन्म ७ नोव्हेंबर १९६३चा, जमैकाच्या किंग्स्टनमधला. वडील तिथल्या सैन्यात अधिकारी होते. त्यांची बदली लंडनला झाली म्हणून १९७६मध्ये बाराव्या वर्षी तो इंग्लंडला आला. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. ज्या देशात पंतप्रधानापासून शिक्षकापर्यंत सगळे आपल्यासारखेच दिसतात, तिथे प्रतिष्ठित घरात वाढलेल्या मुलाच्या मनात 'आपण कमी आहोत' ही भावना रुजलेली नसते. प्रेक्षकांच्या शिव्या आपल्याला का लागल्या नाहीत, याचं कारण सांगताना बार्न्स पुढे अनेकदा याच बालपणाकडे बोट दाखवतो. इंग्लंडच्याच गरीब वस्तीत जन्मलेल्या, पावलोपावली संशय झेलत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलाला हे कवच मिळत नाही, हेही तो आवर्जून सांगतो.

१९८१मध्ये तो वॉटफर्डकडून खेळू लागला. ग्रॅहम टेलर तेव्हा तिथे मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १९८२मध्ये वॉटफर्ड वरच्या श्रेणीत, म्हणजे त्या वेळच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये आलं आणि पहिल्याच हंगामात लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरं आलं. १९८४मध्ये हा संघ एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे एव्हर्टनकडून हरला.

१९८७मध्ये लिव्हरपूलने ९ लाख पौंड मोजून त्याला घेतलं. हंगामाच्या सुरुवातीला अ‍ॅनफिल्डवरच्या कॉप या प्रसिद्ध स्टँडखालची सांडपाण्याची जुनी वाहिनी खचली होती, त्यामुळे घरचे पहिले सामने पुढे ढकलावे लागले. घरच्या प्रेक्षकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते १२ सप्टेंबरला ऑक्सफर्डविरुद्ध. त्या दिवशी त्याने फ्री किकवर गोल केला. त्या हंगामात लिव्हरपूल पहिल्या २९ लीग सामन्यांत एकदाही हरलं नाही आणि विजेतेपद घेऊन थांबलं. १९९०मध्ये पुन्हा लीग, त्याआधी १९८९मध्ये एफए कप. फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने १९८८ आणि १९९० असं दोनदा त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. १९८८मध्ये सहखेळाडूंच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कारही त्यालाच मिळाला. लिव्हरपूलसाठी ४०७ सामने आणि १०८ गोल, इंग्लंडसाठी ७९ सामने आणि ११ गोल, असा त्याचा हिशोब आहे. न्यूकासल आणि चार्ल्टनकडून खेळून तो १९९९मध्ये निवृत्त झाला.

गुडिसन पार्कवरचं केळं

लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे एकाच शहरातले दोन क्लब. १९८७-८८च्या हंगामात या दोन संघांच्या सामन्यांत एव्हर्टनच्या प्रेक्षकांतला एक गट 'एव्हर्टन गोरं आहे' अशा घोषणा देत होता. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी गुडिसन पार्कवर एफए कपची पाचवी फेरी होती. या मैदानावर बार्न्सने पायाशी पडलेलं केळं टाचेने रेषेबाहेर टोलवलं, तो क्षण छायाचित्रकार बॉब थॉमस यांनी टिपला. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी हे एक ठरलं. त्या सामन्यातला एकमेव गोल रे हॉटनने डोक्याने केला आणि त्यासाठीचा क्रॉस, म्हणजे बगलेतून गोलसमोर टाकलेला चेंडू, बार्न्सच्याच पायातून आला होता, ही गोष्ट मात्र फार कमी लोकांच्या लक्षात राहिली. छायाचित्र पाहणाऱ्याने हा क्रॉसही आठवावा, असं मला मनापासून वाटतं. तो माणूस तिथे फुटबॉल खेळायला गेला होता.

हे बार्न्सपासून सुरू झालं नव्हतं. व्हिव्ह अँडरसन २९ नोव्हेंबर १९७८ रोजी इंग्लंडच्या मुख्य संघाकडून पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना खेळला. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. वेस्ट ब्रॉमविचच्या सिरिल रेजिसला १९८२मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाल्यावर टपालाने बंदुकीची गोळी आली. त्याच वर्षी पॉल कॅनोव्हिल चेल्सीकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्याला शिव्या देणारे चेल्सीचेच समर्थक होते. आपल्याच संघाच्या बाजूने येणारी शिवी वेगळी जखम करते, कारण तिथून माघारी फिरायला जागा नसते.

मग हे खेळाडू चिडून उत्तर का देत नव्हते? कारण त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागत होती. लिव्हरपूलचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू हॉवर्ड गेल याचं उदाहरण पाहा. एप्रिल १९८१मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य सामन्यात, बायर्न म्युनिकच्या मैदानावर, तो राखीव खेळाडू म्हणून लवकरच आत आला आणि जर्मन बचावफळी त्याने हैराण करून सोडली. सतत धसमुसळेपणा झेलून एकदा त्याला पिवळं कार्ड मिळालं, आणि आता हा चिडून लाल कार्ड ओढवून घेईल या धास्तीने त्यालाच बाहेर बोलावलं गेलं. चिडवणारे मैदानात राहिले. यातून त्या पिढीने एकच धडा घेतला: ऐकून न ऐकल्यासारखं करा, गोल करा, घरी जा. बार्न्सचं ते शांतपणे केळं टोलवणं बघताना या सक्तीचा विसर पडू देऊ नये. त्याला स्वभावाची साथ होती हे खरं, पण दुसरा कोणताही मार्ग त्या काळी खुला नव्हता.

तेव्हा कुणाला शिक्षा का झाली नाही

१९८८मध्ये सार्वजनिक शांततेचा कायदा होता. धमकावणाऱ्या किंवा अपमानकारक वागण्यासाठी पोलिसांना कारवाई करता येत होती. अडचण वापराची होती. हजारो लोक उभ्याने सामना पाहत, आसन क्रमांक नसत, कॅमेरे थोडे. पोलिसांचं लक्ष मारामारीवर होतं. शिव्या हा 'वातावरणाचा भाग' मानला जात होता.

बदल आला तो एका वेगळ्याच दुर्घटनेतून. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे ९७ समर्थक त्यात गेले. बार्न्स त्या दिवशी मैदानात होता. नंतर तो अनेकांच्या अंत्यसंस्कारांना गेला. या दुर्घटनेच्या चौकशीचा न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९०मध्ये आला. वरच्या श्रेणीतल्या मैदानांत सगळ्यांना बसायला आसन असावं ही त्यातली शिफारस सर्वांना माहीत आहे. वर्णद्वेषी घोषणाबाजी हा स्वतंत्र गुन्हा करावा, हीही शिफारस त्याच अहवालात होती. त्यातून १९९१चा फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आला.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातली भोकं अनेक वर्षं लोकांना वाचवत राहिली. कायद्यात तीन गोष्टी गुन्हा ठरल्या: मैदानाकडे किंवा प्रेक्षकांकडे वस्तू फेकणं, अश्लील किंवा वर्णद्वेषी घोषणा देणं, आणि परवानगीशिवाय मैदानात उतरणं. सामन्याच्या दोन तास आधीपासून सामना संपल्यावर एक तासापर्यंत हा कायदा लागू. पण 'घोषणा' याची मूळ व्याख्या होती, एक किंवा अधिक लोकांच्या साथीने शब्द किंवा आवाज वारंवार काढणं. म्हणजे एकट्याने कितीही वेळ माकडासारखे आवाज काढले, तरी या कलमात तो बसत नव्हता. १९९९मध्ये दुरुस्ती होऊन 'एकट्याने किंवा इतरांसोबत' असं झालं. 'वारंवार' हा शब्द मात्र राहिला. एकदाच ओरडून दिलेल्या शिवीसाठी आजही सार्वजनिक शांततेच्या कायद्यातलं कलम वापरावं लागतं. १९९८पासून त्यात वर्णद्वेषाचा हेतू सिद्ध झाल्यास शिक्षा वाढते.

१९९१च्या कायद्यात दंडाची कमाल रक्कम १,००० पौंड. एवढ्याने कुणी सुधारेल असं नाही. खरी जरब बसते ती फुटबॉलबंदीच्या न्यायालयीन आदेशाने. तुरुंगवास झाला नसेल तर ३ ते ५ वर्षं, झाला असेल तर ६ ते १० वर्षं मैदानात पाऊल ठेवता येत नाही. आदेश निघाल्यापासून पाच दिवसांत ठरलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. इंग्लंडचा संघ परदेशात खेळायला गेला की पासपोर्ट जमा करायचा. आदेश मोडला तर तो वेगळा गुन्हा. २०२१च्या युरो अंतिम सामन्यानंतर मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका यांच्यावर समाजमाध्यमांतून जो चिखल उडवला गेला, त्यानंतर २०२२मध्ये ऑनलाइन द्वेषाच्या गुन्ह्यांनाही हा आदेश लागू करण्यात आला.

खेळाडूनेच खेळाडूला शिवी दिली तर

इथे दोन वेगवेगळी चाकं फिरतात आणि लोकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एक फौजदारी न्यायालय, दुसरं एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना.

ऑक्टोबर २०११मध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन प्रकरणं घडली. १५ तारखेला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्ह्राला वर्णद्वेषी शब्द वापरल्याचा आरोप झाला. २३ तारखेला क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी याच्यावर अँटन फर्डिनंडच्या बाबतीत तसाच आरोप झाला. टेरीचा खटला न्यायालयात गेला आणि जुलै २०१२मध्ये तो निर्दोष सुटला. तरीही सप्टेंबरमध्ये एफएच्या समितीने त्याला ४ सामन्यांची बंदी आणि २ लाख २० हजार पौंड दंड ठोठावला. सुआरेझवर न्यायालयात खटला झालाच नाही. एफएने ८ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड केला.

निर्दोष सुटलेल्या माणसाला शिक्षा कशी होते? कारण पुराव्याची पट्टी वेगळी. न्यायालयात 'वाजवी शंकेला जागा उरू नये' इतका पुरावा लागतो. एफएची समिती 'घडलं असण्याची शक्यता न घडल्याहून जास्त आहे का' एवढंच पाहते. मैदानात हा फरक फार मोठा ठरतो. शब्द उच्चारले गेले हे चित्रफितीत ओठांवरून दिसतं, पण ते शिवी म्हणून उच्चारले की 'मी असं म्हणालो नाही' हे सांगताना उच्चारले, अशी शंका घेता आली की न्यायालयात आरोपीला फायदा मिळतो.

सुआरेझच्या प्रकरणाला बार्न्सच्या क्लबचा आणखी एक संदर्भ आहे. डिसेंबर २०११मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यापूर्वी लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझच्या समर्थनाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरले. ज्या क्लबच्या खेळाडूला केळी फेकून मारली गेली होती, त्याच क्लबने तक्रार करणाऱ्याकडे पाठ फिरवली. त्या संघातला जेमी कॅरॅगर याने २०१९मध्ये दूरचित्रवाणीवर एव्ह्राची जाहीर माफी मागितली. 'आपला माणूस' ही भावना माणसाला किती सहज आंधळं करते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही.

सामना थांबवण्याच्या तीन पायऱ्या

युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने २००९मध्ये पंचांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत आणली. प्रेक्षकांतून वर्णद्वेषी प्रकार घडला की पंच आधी खेळ थांबवतो आणि ध्वनिक्षेपकावरून ताकीद दिली जाते. पुन्हा घडलं तर दोन्ही संघांना ठराविक वेळ, साधारण पाच ते दहा मिनिटं, ड्रेसिंग रूममध्ये पाठवलं जातं आणि दुसरी घोषणा होते. तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. शेवटचा निर्णय घेण्याआधी पंचाने सामन्याच्या अधिकाऱ्यांशी बोलायचं असतं.

कागदावर हे नेटकं दिसतं. प्रत्यक्षात पहिली अडचण ऐकू येण्याची. गोंगाटात पंचाला नेमका कुठून काय आवाज आला ते कळत नाही. त्यामुळे सगळा भार खेळाडूवर येतो: त्याने खेळता खेळता ऐकायचं, कर्णधाराला किंवा पंचाला सांगायचं, आणि त्यांनी विश्वास ठेवायचा. पंचाची परवानगी न घेता स्वतःच मैदान सोडलं तर नियमाप्रमाणे पिवळं कार्ड. ३० एप्रिल २०१७ रोजी इटलीत कॅल्यारीच्या मैदानावर पेस्काराच्या सुली मुंतारीने पंचाकडे प्रेक्षकांच्या शिवीगाळीची तक्रार केली. पंचाने सामना थांबवला नाही, उलट हुज्जत घातल्याबद्दल मुंतारीलाच पिवळं कार्ड दाखवलं. तो मैदान सोडून निघाला, तेव्हा दुसरं पिवळं, म्हणजेच लाल. लागलेली एका सामन्याची बंदी बरीच ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. १९८१मध्ये गेलच्या बाबतीत जे घडलं, त्याचा साचा छत्तीस वर्षांनी तसाच होता.

पद्धत नीट वापरली गेल्याचं उदाहरण म्हणजे १४ ऑक्टोबर २०१९चा सोफियातला बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड सामना. त्या मैदानाचा काही भाग आधीच्याच वर्णद्वेषी प्रकारामुळे शिक्षा म्हणून बंद होता, तरी पहिल्या अर्ध्यातच दोनदा खेळ थांबवावा लागला. इंग्लंडच्या खेळाडूंना मैदान सोडण्याचा पर्याय होता. त्यांनी खेळून संपवायचं ठरवलं आणि ६-० जिंकले. युएफाने बल्गेरियाला ७५ हजार युरो दंड आणि दोन सामने प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा दिली. त्यातला एक सामना स्थगित होता, म्हणजे पुढच्या दोन वर्षांत पुन्हा असं घडलं तरच तो भोगायचा.

शिक्षा संघटनेला की माणसाला, हा इथला कळीचा प्रश्न आहे. युएफाच्या नियमांत प्रेक्षकांच्या पहिल्या गुन्ह्याला मैदानाचा काही भाग बंद, दुसऱ्याला प्रेक्षकांविना एक सामना आणि ५० हजार युरो दंड. खेळाडू किंवा प्रशिक्षक दोषी आढळला तर किमान १० सामन्यांची बंदी. श्रीमंत क्लबला किंवा देशाच्या संघटनेला ५० हजार युरो जाणवतही नाहीत. स्टँड बंद झाला की ओरडणाऱ्या पन्नास जणांबरोबर गप्प बसलेले हजारो बाहेर राहतात. ते हजारो पुढच्या वेळी शेजाऱ्याला गप्प करतील अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी ती खरी ठरते, काही ठिकाणी सगळा स्टँडच पीडित खेळाडूवर राग काढू लागतो. ओरडणाऱ्या माणसाला शोधून त्याला वर्षानुवर्षं बाहेर ठेवणं जास्त परिणामकारक आहे, असं माझं मत. त्यासाठी आसन क्रमांक, चांगले कॅमेरे आणि वेळेवर तक्रार, तिन्ही हवं.

मे २०२४मध्ये फिफाने खेळाडूंसाठी एक खूण ठरवली: दोन्ही हात मनगटांपाशी एकमेकांवर आडवे धरायचे. पंचाने ती पाहिली की तीन पायऱ्यांची पद्धत सुरू करायची. मुंतारीसारखा 'हुज्जत घातली' हा आरोप टाळायला याचा उपयोग आहे, पण पंचाने मान्य केलं तरच.

प्रेक्षकाच्या हातातही बरंच असतं. शेजारी कुणी वर्णद्वेषी ओरडत असेल तर त्याच्याशी भिडू नये. ब्लॉक, रांग, आसन, सामन्याचं मिनिट आणि जसेच्या तसे शब्द लगेच लिहून ठेवावेत. स्टुअर्डना, म्हणजे स्टँडमध्ये व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, तिथल्या तिथे सांगावं. इंग्लंडमध्ये किक इट आउट या संस्थेकडे अ‍ॅपवरूनही तक्रार करता येते. ही मोहीम १९९३मध्ये खेळाडूंची संघटना आणि तेव्हाचा वांशिक समता आयोग यांनी सुरू केली. तक्रार हातातून निसटते ती सहसा दोन कारणांनी. घरी जाऊन दोन आठवड्यांनी कळवलं, तोवर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं. किंवा 'तिकडच्या कोपऱ्यातून आवाज आला' एवढंच सांगितलेलं असतं. ऑनलाइन शिवी असेल तर खातं ब्लॉक करण्याआधी खात्याचं नाव, दुवा आणि वेळ दिसेल असं स्क्रीनवरचं चित्र जपून ठेवावं. खातं गायब झाल्यावर हाती काही उरत नाही.

जागा कुणाची कुठली

इथपर्यंतचं सगळं कानांनी ऐकू येतं. दुसरा थर ऐकू येत नाही. बार्न्सच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल काही समज पक्के होते: ते वेगवान असतात, कौशल्य असतं, पण थंडीत आणि चिखलात टिकत नाहीत, डोकं लावून खेळ चालवणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांना बगलेत किंवा आघाडीला खेळवायचं. मधल्या फळीतून खेळाची सूत्रं हलवणं आणि कर्णधारपद, या जागा गोऱ्यांच्या. इंग्लंडला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार जून १९९३मध्ये मिळाला, तो पॉल इन्स. तोही त्या वेळी एका सामन्यापुरता, नेहमीचे कर्णधार उपलब्ध नव्हते म्हणून.

बार्न्सने या समजाला खेळून उत्तर दिलं. जून १९९२मध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना त्याच्या टाचेची शीर तुटली. वेग गेला. बगलेतला खेळाडू म्हणून तिथेच संपायचं, पण तो लिव्हरपूलच्या मधल्या फळीत आला. चेंडू जपणं, कमी धावून योग्य जागी उभं राहणं आणि पास देऊन खेळ चालवणं हे काम त्याने अनेक हंगाम केलं. पुढे कर्णधारही झाला. ज्याला 'फक्त पाय आहेत' म्हटलं जायचं, त्याच्या पायांतला वेग गेल्यावर त्याचं डोकं सगळ्यांना दिसलं.

इंग्लंडकडून खेळताना मात्र त्याच्यावर नाराजी राहिली. फेब्रुवारी १९९३मध्ये वेम्बलीवर सॅन मरिनोविरुद्ध स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. यात वर्णद्वेष किती आणि खेळाची निराशा किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही वेगळं काढता येत नाही. लिव्हरपूलमध्ये चेंडू वारंवार त्याच्या पायाशी यायचा. इंग्लंडच्या संघात तो डाव्या रेषेवर वाट पाहत उभा असायचा, त्यामुळे प्रभाव कमी पडला हे खेळाचं कारण खरं आहे. पण माराकानाच्या गोलानंतर त्याच्याकडून प्रत्येक सामन्यात तसंच काहीतरी हवं होतं. साधा चांगला सामना खेळून परतण्याची सवलत त्याला नव्हती.

निवृत्तीनंतरचं दार

जून १९९९मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. मॅनेजर म्हणून काही अनुभव नव्हता, वर केनी डॅलग्लिश फुटबॉल संचालक होते. ऑक्टोबरमध्ये संघाचा मुख्य आघाडीवीर हेन्रिक लार्सन याचा पाय मोडला. ८ फेब्रुवारी २०००ला खालच्या श्रेणीतल्या इन्व्हर्नेसकडून स्कॉटिश कपमध्ये घरच्या मैदानावर १-३ हार झाली आणि दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. हार नामुष्कीची होती आणि हकालपट्टी समजण्यासारखी. प्रश्न पुढचा आहे. त्यानंतर त्याला संघ मिळाला तो थेट २००८मध्ये, जमैकाचा. त्या वर्षी जमैकाने कॅरिबियन कप जिंकला. २००९च्या उन्हाळ्यात तिसऱ्या श्रेणीतलं ट्रॅनमेअर मिळालं. लीगमधल्या ११ सामन्यांत २ विजय, ऑक्टोबरमध्ये तेही गेलं. त्यानंतर पुन्हा कुणी विचारलं नाही.

याला वर्णद्वेष म्हणायचं का? एका माणसाच्या उदाहरणावरून सिद्ध करता येत नाही, आणि बार्न्स स्वतः तसा दावाही करत नाही. निकाल वाईट होते. त्याचं म्हणणं वेगळं आहे: गोरा मॅनेजर अपयशी ठरला की 'तो' अपयशी ठरतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्या क्लबमध्ये दिसतो. कृष्णवर्णीय मॅनेजर अपयशी ठरला की पुढच्या कृष्णवर्णीय उमेदवाराकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं. ही गोष्ट एखाद्या प्रकरणात पकडता येत नाही. किती जणांना दुसरी आणि तिसरी नोकरी मिळाली, हे अनेक वर्षं मोजलं तरच दिसते. इंग्लंडच्या लीगमध्ये टोनी कॉलिन्स १९६०मध्ये रोचडेलचे मॅनेजर झाले, ते या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या त्यानंतर कितीतरी पटींनी वाढली, डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या प्रशिक्षकांच्या बाकावर, तसं झालं नाही.

बार्न्सची मोहिमांबद्दलची नाराजी यातूनच येते. टी-शर्ट, घोषवाक्यं, गुडघ्यावर बसणं याने प्रेक्षक तोंड बंद करतात, विचार बदलत नाहीत, असं तो सांगतो. त्याच्या मते आपल्याला आता मान मिळतो तो 'जॉन बार्न्स' म्हणून. वाटेवरच्या अनोळखी कृष्णवर्णीय माणसाला तो मिळत नाही. सगळ्यांच्या मनात नकळत बसलेल्या समजांना हात घातल्याशिवाय मैदानातलं चित्र बदलणार नाही, ही त्याची भूमिका. मी याच्याशी बहुतांशी सहमत आहे, एका ठिकाणी सोडून: तोंड बंद होणं हीही छोटी गोष्ट नाही. १९८८मध्ये वडिलांसोबत स्टँडमध्ये बसलेल्या कृष्णवर्णीय मुलासाठी तेवढ्यानेही खूप फरक पडला असता.

नोकरीच्या दारासाठी नियम झाले आहेत. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००३मध्ये रूनी नियम आला: मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची. इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या श्रेणीखालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या ईएफएलने तसाच नियम आधी प्रयोग म्हणून राबवला, मग २०१९मध्ये नियमावलीत घातला. ऑक्टोबर २०२०मध्ये एफएने विविधतेची संहिता आणली. तिच्यात वरिष्ठ प्रशिक्षकांच्या नव्या नेमणुकांपैकी १० टक्के आणि एकूण प्रशिक्षकांच्या नव्या नेमणुकांपैकी २५ टक्के कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मिश्र वंशाच्या उमेदवारांच्या असाव्यात असं उद्दिष्ट होतं. संहिता स्वीकारायची की नाही हे मात्र क्लबवर सोडलं होतं.

ईएफएलच्या नियमातली पळवाट मॅनेजरच्या नेमणुकीच्या पद्धतीतच आहे. नियम लागू होतो तो क्लबने रीतसर भरती प्रक्रिया राबवली तर. पण मॅनेजर हंगामाच्या मध्येच काढले जातात. सोमवारी हकालपट्टी, शनिवारी सामना. मालक ओळखीच्या एजंटला फोन करतो, एकाच माणसाशी बोलणी होतात, गुरुवारी सही. मुलाखतींची यादीच नसते, त्यामुळे नियम मोडलाही जात नाही. युएफाचे सी, बी, ए आणि प्रो असे चारही परवाने मिळवलेला उमेदवार घरी बसून ही बातमी वाचतो.